बंदीशाळेत पाळणा बांधला त्याची हकीकत

श्री. ज्या लेकरास मातोश्रींनी दाराशी पहाऱ्यास बसविले आणि प्रत्यक्ष पिता समोर आला तरी ज्याने दार सोडिले नाही, त्या गजाननास प्रथम नमन. मग लेकुरवाळ्या कुलस्वामिनीस नमन. पुढे वाचणारांस विज्ञापना ऐसी की, शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, राज्याच्या बंदीशाळेत जे वर्तमान जाहले ते जैसे जाहले तैसे लिहिले आहे. पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, ऐकिले ते ऐकिले म्हणोन लिहिले, आणि जेथे दोघांचे दोन बोल पडले तेथे दोन्ही लिहिले.

राजधानीपासून तीन मजलांवर, उघड्या टेकडीच्या माथ्यावर बंदीशाळा. तीस दोन दरवाजे, एक बाहेरील आणि एक आतील, आणि दोहोंमध्ये बारा हात लांबीची देवडी. एक दरवाजा उघडा असता दुसरा उघडू नये हा पहिला शिरस्ता. जो कोणी आत जाईल त्याने देवडीवर लाकडी बिल्ला घ्यावा आणि बाहेर निघताना परत द्यावा, बिल्ल्यावाचून कोणी बाहेर जाऊ नये, मग तो दारोगा का असेना, हा दुसरा शिरस्ता. आणि सायंकाळी घंटा झाली की शिरगणती करावी, आतील डोकी आणि वहीतील नावे जुळेतोवर कोणताही दरवाजा उघडू नये, हा तिसरा. हे शिरस्ते फार जुने. पूर्वी एक कैदी धुण्याच्या गाठोड्यात बसून निघून गेला, तेव्हा हुकूम जाहला की ज्या नाइकाच्या हातून बिल्ल्यावाचून माणूस बाहेर गेला त्याने त्या माणसाची उरलेली कैद स्वतः भोगावी. त्या वेळचा नाईक सहा वर्षे आत बसला. आता देवडीवर म्हाकू नाईक होते, त्यांची चाकरी तीस वर्षे जाहली, आणि तीस वर्षांत त्यांची गणती एकदाही चुकली नव्हती. नाईक मनुष्य वाईट नव्हेत. मात्र वहीत नाही ते जगात नाही, ऐसी त्यांची बुद्धी पडली होती.

बंदीशाळेत स्त्रियांच्या कोठड्या निराळ्या, आणि तेथे पहाऱ्यास स्त्रियाच नेमाव्या ऐसी रीत. जागा अकरा, परंतु दोन वर्षांत सहा जणी चाकरी सोडून गेल्या. कारण सहांचेही एक. टेकडीवर वस्ती नाही, पायथ्याचे गाव पाऊण कोस, पहारा सूर्योदयापासून सायंकाळच्या घंटेपर्यंत, आणि घरी लेकरू ठेवावे कोणापाशी. दारोगा राजश्री सुभानराव ढमाले यांनी राजधानीस तीन वेळा लिहिले की माणूस पुरत नाही, नवी नेमणूक व्हावी. तीनही वेळा उत्तर आले की असलेल्यांकडून काम घ्यावे. मग उरलेल्या पाच जणी अकरा जणींचा पहारा करू लागल्या आणि जी एक दिवस न आली तिच्या वाटणीचा पहारा दुसरीवर पडू लागला, म्हणोन दारोगांनी नियम केला की महिन्यात तीन वेळा गैरहजर राहील तिचे नाव कमी करावे. नियम करताना त्यांस वाईट वाटले ऐसे ते आता सांगतात. तेव्हा सांगितले नव्हते.

त्या पाचांत राहीबाई कोंडे म्हणोन एक. नवरा सरहद्दीवरील फौजेत, दोन वर्षे त्याचे दर्शन फक्त एकदा, त्यातून जाहलेली मुलगी आठ महिन्यांची, नाव मैना. मैनेस सांभाळावयास सासू होती, ती कार्तिकात वारली. मार्गशीर्ष लागल्यापासून राहीबाई दोनदा गैरहजर पडली. तिसऱ्या वेळी चाकरी जाणार, आणि चाकरी गेली तर पायथ्याशी सरकारने दिलेली खोली जाणार, मग लेकरू घेऊन कोठे उभे राहावे याचा विचार तिने चार रात्री केला आणि काही सुचले नाही. शुद्ध पंचमीस पहाटे तिने मैनेस पाजून टोपलीत निजविले, वर घोंगडी घातली, आणि टोपली डोईवर घेऊन टेकडी चढली.

देवडीत स्त्रियांची झडती जमादारीण भागूबाई घेत असे. भागूबाई पन्नाशीची, अंगाने थोराड, जिभेने तिखट, आणि पहाऱ्यावरील सर्व बायका तिला भागाक्का म्हणत. तिने टोपलीवरील घोंगडी बोटाने उचलून पाहिली आणि पुन्हा खाली सोडली. मग विचारले, "काय आहे गं आत?"

"भाकरी, भागाक्का."

"भाकरीला जावळ आलंय."

राहीबाईने टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरिली. भागूबाई म्हणाली, "नीट झाकून ने. भाकरीला वारा लागला की कडक होते," आणि मोठ्याने नाइकास सांगितले की झडती जाहली. हा संवाद राहीबाईने सांगितला. भागूबाई म्हणते की आपण जावळाचे काही बोललो नाही, फक्त डोळ्यांनी खूण केली. उभयतांचे लिहिले आहे.

तो दिवस निभावला. कोठड्यांच्या मागे दळणाची खोली, तेथे टोपली ठेविली आणि पाळीपाळीने पाहिली. परंतु मूल ते मूल, सायंकाळी निघावयाच्या वेळी जागे जाहले आणि देवडीत ऐन नाइकासमोर घोंगडीतून हात बाहेर काढून हसू लागले. नाइकांनी घोंगडी दूर केली. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. राहीबाईचा बिल्ला घेऊन खुंटीस लाविला आणि दुसरा हात तसाच पुढे ठेविला. बिल्ला नाही म्हणताच वही उघडून सकाळचे पान वरपासून खाली पाहिले आणि बोलले, "बाई, हे मूल आत आलेच नाही. जे आत आले नाही ते बाहेर कसे सोडू?"

राहीबाईने पाय धरिले. नाइकांनी पाय मागे घेतले आणि वही दाखविली, की पाहा, आत असणारांचे रकाने तीन, कैदी, चाकर आणि भेटीस आलेले, यांपैकी हे कोण ते सांगा म्हणजे मी सोडितो. चाकर नव्हे. भेटीस आले म्हणावे तर ज्यास भेटावयाचे त्याचे नाव नाही. राहिले कैदी. तेव्हा मागून कोणी शिपाई हसून बोलला की नाईक, सोडा, शिक्षा भोगावी लागली तरी आठ महिन्यांच्या पोरीची कैद ती किती असणार. त्यावर नाइकांनी शांतपणे उत्तर दिले, "मुदत लिहिलेली नाही. मुदत लिहिलेली नसली की जन्मठेप धरतात."

दारोगा आले. त्यांच्यापुढे पेच ऐसा की, मूल सोडावे तर नाइकाची वही खोटी पडते, आणि राहीबाईने चोरून आणिले ऐसे लिहावे तर चोरटी वस्तू आत नेल्याबद्दल ती त्याच क्षणी बडतर्फ होते. सुभानरावांनी दाढी खाजविली आणि दोन्ही टाळून तिसरे केले. राजधानीस पत्र लिहून विचारावे की ऐसे मूल कोणत्या रकान्यात घालावे, आणि उत्तर येईतोवर मूल आहे तेथे राहावे. नाइकांनी मान्य केले. मग रोज सायंकाळी गणतीत एक डोके अधिक भरे, त्यास दारोगांनी "यादीबाहेर एक" ऐसी चिठ्ठी मोहर करून द्यावी आणि मग दरवाजे उघडावे ऐसे ठरले. राहीबाईस बाहेर जाण्यास मोकळीक होती. ती गेली नाही. ज्या दाराने लेकरू जाऊ शकत नाही त्या दाराने आपणही जाणार नाही ऐसे ती भागूबाईस बोलली, आणि बिल्ला परत मागून घेऊन आतच राहिली.

आता मूल ठेवावे कोठे. दारोगांच्या सदरेत थंडी कमी आणि कैद्यांचा वावर नाही, म्हणोन तेथे भाले ठेवावयाच्या घडवंचीच्या वरील तुळईस दोर बांधून पाळणा केला. सदरेत शस्त्रांवर हणमा नावाचा म्हातारा शिपाई नेमलेला असे. त्याचे गुडघे गेले होते, तटावर चढवत नसे, आणि पुढील महिन्यात त्यास घरी बसविणार होते. त्याने न सांगता पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यास बांधून घेतली.

चौथ्या दिवशी पहाऱ्यावरील दुसरी एक बाई आपले दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन देवडीवर उभी राहिली आणि नाइकास म्हणाली की याचे नाव भेटीच्या रकान्यात घाला. नाइकांनी विचारले, कोणास भेटणार. ती म्हणाली, मैनेस. नाइकांनी वही चाळिली. मैना आत आहे हे खुद्द दारोगांच्या मोहरेने सिद्ध होते, आणि आत असलेल्यास भेटावयास येणे यास हरकत नाही. मग विचारले की भेट किती वेळ. याचाही शिरस्ता होता, की शिक्षा लागलेल्याची भेट अर्धी घटका, परंतु ज्याची शिक्षा अद्यापि ठरली नाही त्याच्या भेटीस सायंकाळच्या घंटेखेरीज मुदत नाही. मैनेची शिक्षा ठरलेली नव्हती. नाइकांनी बिल्ला दिला. मग दुसरे दिवशी भटारखान्यातील आचारीण आपली दोन घेऊन आली, आणि गणोजी म्हणोन तटावरील शिपाई, ज्याची बायको मागील साली वारली होती आणि जो तीन वर्षांच्या मुलास घरात कडी घालून येत असे, तोही मुलास खांद्यावर घेऊन आला. नाइकांनी विचारले, कोणास भेटणार, आणि गणोजी बोलला, "मैनाबाईंस. ओळख नाही, पण करून घेईल."

याप्रमाणे मैनेच्या भेटीस रोज चार जण येऊ लागले आणि घंटा होताच रीतसर बिल्ले देऊन जाऊ लागले. हणम्याने दुसऱ्या पायासही दोरी बांधिली. दारोगांनी हे सर्व पाहिले आणि काही विचारले नाही, फक्त भाले उचलून दुसऱ्या खोलीत नेवविले आणि घडवंचीस तरट गुंडाळविले. आणि एक गोष्ट जाहली ती कोणी योजिली नव्हती. त्या पंधरा दिवसांत पहाऱ्यावर कोणी गैरहजर पडले नाही. चाकरी सोडून गेलेल्यांपैकी दोघींनी पायथ्यापर्यंत येऊन विचारिले की ऐकतो ते खरे काय.

राजधानीस पत्र पोहोचले तेव्हा उत्तर आले नाही, उत्तराऐवजी चिटणीस त्रिंबकपंत आले. वद्य नवमीस तिसरे प्रहरी पालखी टेकडीवर पोहोचली. पंत शिस्तीचे, अंगाने किडकिडीत, आणि पुढील मुक्काम उजेडी गाठावयाचा म्हणोन भोई बाहेरच उभे ठेविले. रीतीप्रमाणे देवडीवर बिल्ला घेतला, सदरेत गेले, आणि पाळणे पाहून दोन निकाल दिले. पहिला, मुले उद्यापासून आत येऊ नयेत. दुसरा, राहीबाईने नियम मोडला, तिचे नाव आजच कमी करावे. सुभानरावांनी पहाऱ्याच्या हजेरीचा कागद पुढे केला. पंतांनी तो वाचून बाजूस ठेविला आणि विचारिले की रोज गणतीत एक अधिक भरते ते कैसे चालते. दारोगांनी चिठ्ठ्या दाखविल्या. पंतांनी निक्षून सांगितले की ही रीत नव्हे, आजपासून ऐसी चिठ्ठी होणे नाही. तो लेखी हुकूम त्यांनी तेथेच लिहून मोहर केली.

मग घंटा जाहली. शिरगणती केली, एक अधिक भरले. नाइकांनी दारोगांकडे चिठ्ठी मागितली, दारोगांनी पंतांचा हुकूम पुढे केला, नाइकांनी तो दोन वेळा वाचला, आणि किल्ल्या कमरेस खोवून आपल्या पाटावर बसले.

हे पंतांस प्रथम कळले नाही. कळले तेव्हा बोलले की आम्हांस सोडा, मागाहून काय ते पाहा. नाइकांनी नम्रपणे सांगितले की जुळेतोवर कोणासही नाही. पंत म्हणाले, दरवाजा उघडावा हा आमचा हुकूम आहे. नाईक म्हणाले, चिठ्ठी होऊ नये हाही आपलाच हुकूम आहे, आणि तो लेखी आहे. पंत म्हणाले, तो हुकूम आम्ही फिरवितो. नाईक म्हणाले, घंटेनंतर लिहिलेला कागद त्या घंटेच्या गणतीस लागू होत नाही, हे कलम आपल्याच दप्तरातून आले आहे. पंतांस आठवले की आले आहे.

देवडीत दिवसपाळीची चाळीस माणसे दाटली, बाहेर रात्रपाळीची थंडीत उभी, मुलांस भूक लागली, एक रडले ते पाहून सर्व रडू लागली. राहीबाई मैनेस उराशी धरून भिंतीस टेकली होती. तिचे नाव कमी जाहले हे तिला कळले होते, आणि ती रडत नव्हती. आचारिणीचे धाकटे कोणाकडेच राहीना, तेव्हा भागूबाईने ते उचलून पंतांपुढे धरिले, की पंत, हात रिकामे आहेत तोवर धरा. पंतांनी धरिले. कैसे धरावे हे त्यांस ठाऊक होते ऐसे दिसून आले.

मग पंतांनी मूल हातात असताच राहीबाईस विचारिले की पहिल्या दिवशी झडती कोणी घेतली. राहीबाई म्हणाली, मी झाकून आणिले, कोणाचा दोष नाही. भागूबाई पुढे जाहली आणि बोलली की झडती मी घेतली, पाहिले आणि जाऊ दिले, कमी करणे तर दोन नावे करा. हे बोलून ती वळली तो तिची दृष्टी रांगेतील चिमाबाईवर गेली. चिमाबाई पहाऱ्यावरील सर्वांत लहान, तिला आठवा महिना चालू, आणि ती पोटावर हात ठेवून बिल्ला घेऊन उभी होती. भागूबाईने तिला दंडास धरून नाइकाच्या पाटासमोर आणिले.

"नाईक, हिच्या हाती बिल्ले किती?"

"एक."

"आणि माणसं किती?"

नाइकांनी चिमाबाईच्या पोटाकडे पाहिले. भागूबाई म्हणाली, "ही राही नऊ महिने याच दारातनं आली नि गेली, मैनेला घेऊन. तुम्ही रोज एकच बिल्ला दिलात नि एकच घेतलात. तेव्हा नाही म्हणालात, दुसरं माणूस कुठाय ते."

म्हाकू नाइकांनी वही उघडली. मागील सालची वही मागविली, तीही उघडली, आणि राहीबाईच्या नावापुढील नोंदी बोटाने मोजीत गेले. शेवटी बोलले, "म्हणजे नऊ महिने माझी गणती चुकली."

त्या वेळी पंत काही बोलू पाहत होते, परंतु सुभानरावांनी हात करून थांबविले, आणि ते शहाणपणाचे जाहले. नाइकांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग मान वर करून म्हणाले, "नाही. तीस वर्षांत ऐशा किती जणी गेल्या-आल्या. कोणी पळाले नाही, कोणी हरवले नाही. जे इतकी वर्षे चालले आणि ज्याने काही बिघडले नाही तोच शिरस्ता. मला ठाऊक नव्हता, एवढेच." आणि मग निर्णय सांगितला, की जे मूल आपल्या पायाने देवडीचा उंबरा ओलांडीत नाही ते आईबापाच्या बिल्ल्यात, पोटात असो की कडेवर. पायाने ओलांडील त्या दिवसापासून त्यास स्वतःचा बिल्ला. मैना चालत नाही, म्हणोन ती राहीच्या बिल्ल्यात आली आहे, चोरून आली नाही. आणि गणतीत राही एक धरली म्हणजे मैना निराळी धरणे नाही.

दारोगांनी विचारिले, मग गणती किती. नाईक म्हणाले, "जुळली."

पंतांनी ते मूल आचारिणीच्या हाती दिले, कागद मागविला आणि उभ्यानेच लिहिले. नाइकांचा निर्णय कायम. दारोगांची सदर मुलांकडेच राहावी. हणम्यास घरी बसवू नये, त्याच्या चाकरीचे नाव पाळणेकरी ऐसे लिहावे, हाताखाली एक बाई द्यावी. राहीबाईविषयी लिहिले की तिच्यावर दोष गैरहजेरीचे दोन आहेत, तिसऱ्या दिवशी ती हजर होती, आणि हजर राहिल्याबद्दल कोणाचे नाव कमी करावे ऐसे कलम दप्तरात नाही, सबब नाव कायम. हा कागद घंटेनंतरचा आहे ऐसे कोणी बोलले, त्यावर नाइकांनी उत्तर दिले की गणती जुळल्यावर लिहिला आहे, उद्यापासून लागू.

मग आतील दरवाजा लाविला आणि बाहेरील उघडिला. प्रथम पंत गेले. मग मुले आणि त्यांची आईबापे गेली, गणोजीचे मूल आपल्या पायाने उंबरा ओलांडू लागले तेव्हा नाइकांनी त्यास थांबवून त्याचा बिल्ला मागून घेतला, आणि त्याने तो फार नाखुषीने दिला. शेवटी राहीबाई आली. तिने बिल्ला पुढे केला, नाइकांनी घेतला, खुंटीस लाविला, दुसरा हात पुढे केला नाही. "एक," म्हणाले, "जा."

एकोणीस दिवसांनी ती बाहेर आली. टेकडीवर वारा होता. मैनेने तोंड आईच्या खांद्यात लपविले आणि मग हळूच बाहेर काढून पाहू लागली, कारण इतके मोठे आकाश तिने बहुत दिवसांत पाहिले नव्हते. भागूबाई मागून येऊन म्हणाली की आता घरी जा आणि नीज, उद्या उशीर केलास तर मीच नाव कमी करीन. राहीबाई चार पावले गेली, खाली बसली, आणि मग रडली. भागूबाई जवळ उभी राहिली, आणि तिचे रडणे संपल्यावर दोघी टेकडी उतरल्या. दुसरे दिवशी सूर्योदयाच्या घंटेस राहीबाई मैनेस कडेवर घेऊन देवडीवर हजर होती.

पुढे पौषात चाकरी सोडून गेलेल्या सहांपैकी चौघी परत आल्या. चिमाबाई माघात बाळंत जाहली आणि चैत्रात मुलासह पहाऱ्यावर आली. नाइकांनी चालत्या मुलांकरिता लहान बिल्ले स्वतः तासून केले, कोपरे घासून गोल केले, आणि वहीत चौथा रकाना आखिला. हणम्याचे गुडघे बरे जाहले नाहीत, परंतु त्याविषयी त्याची तक्रार कोणी ऐकिली नाही. दुसऱ्या दोन बंदीशाळांतून दारोगांस पत्रे आली की पाळण्याचा दोर किती हात लागतो.

तात्पर्य, ज्यांस दुसऱ्यांवर कुलूप राखावयाचे त्यांची स्वतःची लेकरे कोठे असावीत, हा प्रश्न राज्यात पूर्वी कोणी विचारिला नव्हता. तो एका टोपलीने विचारिला, आणि उत्तर मिळावयास एकोणीस दिवस लागले. त्या सालात बंदीशाळेतून कैदी एकही निसटला नाही, आणि चाकरीवरून नाव एकाही बाईचे कमी जाहले नाही. हे दोन्ही मागील वह्यांशी ताडून पाहिले आहे. लेखन संपूर्ण.